ग्लॅडिओलस: दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं का?

गच्चीवाली
नमस्कार मंडळी. गेल्या ऑक्टोबरात रोपवाटिकेतून ग्लॅडिओलसचे कंद आणून गच्चीतल्या मोठ्या कुंड्यांमध्ये लावले होते. लाल, पांढरे आणि एक जांभळ्या काठाचा. डिसेंबर-जानेवारीत असे काही फुलले की शेजारच्या विंगमधली मंडळी फोटो काढायला वर येत होती. यंदा त्याच कुंड्यांमधून पानं आली, चांगली हिरवीगार, पण फुलाचा दांडा एकाही झाडाला नाही. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, एका ताईंनी सांगितलं म्हणून केळ्याच्या सालींचं पाणीही पाजून झालं. ढिम्म.

रोपवाटिकेतला माणूस म्हणतो, "मॅडम, हे एकदाच फुलतं, दर वर्षी नवे कंद घ्यायचे." सासूबाई म्हणतात, ते गवत उपट आणि तिथे मेथी लाव.

प्रश्न दोन. हे कंद खरंच एका वर्षाचे पाहुणे असतात का? आणि नसतील तर माझ्या कुंड्यांमध्ये नेमकं बिनसलं काय?

पुणेरी_टोमणा
सासूबाईंना या धाग्यावर आणा. एवढा व्यवहार्य सल्ला पुढच्या शंभर प्रतिसादांत मिळणार नाही.

रेवा_वाचतेय
माझंही सेम टू सेम. खूण म्हणून प्रतिसाद.

माण_खटाव
ताई, रोपवाटिकावाला कंद विकतो, तो दुसरं काय सांगणार? एकदाच फुलणारं पीक असतं तर आम्ही कधीच सोडलं असतं. एकरी पन्नास-साठ हजार कंद लागतात आणि लागवडीच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच. तेच वाण पुढच्या हंगामाला घरचं वापरता आलं तरच या पिकात काही हाताला लागतं.

आता नीट सांगतो. तुम्ही लावलेला कंद तसाही गेलाच. पानं आणि दांडा वाढवता वाढवता तो रिता होतो आणि खाली सुकलेली चपटी चकती उरते. तिच्या डोक्यावर, खोडाच्या बुडाशी नवा कंद धरतो. म्हणजे आत्ता तुमच्या कुंडीत आहे तो गेल्या वर्षीचा कंद नव्हेच, त्याचा वारस आहे. वारस किती जाड व्हायचा ते फूल कापल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत ठरतं, कारण पानांनी केलेलं अन्न तेव्हा खाली उतरतं. म्हणून आधी एवढं सांगा:

फुलं कापताना झाडावर पानं किती ठेवली? नंतर पाणी कधी तोडलं? कंद उकरले का, आणि उकरले असतील तर कुठे ठेवले?

गच्चीवाली
दांडा लांब हवा म्हणून बुडापासून कापले होते, पानांसकट. फुलदाणीत छान दिसतात म्हणून बऱ्याच जणांना वाटलेही. कंद उकरले नाहीत, कुंडीतच होते. पाणी इतर झाडांबरोबर चालू होतं.

माण_खटाव
मग उत्तर मिळालं. निदान चार पानं खाली राहिली पाहिजेत. पानंच नेली तर कंद कशावर पोसणार?

कुंडीतलं_रान
थोडी असहमत. पानांचं बरोबर आहे, पण ती उकराउकरी घरच्या बागेत करायलाच हवी असं नाही. आमच्या बेळगावच्या परसात ग्लॅडिओलस कित्येक वर्षं जमिनीतच आहेत. आजीने लावलेले, गुलाबी. उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, पावसाची चाहूल लागली की पाती वर येतात आणि फुलतात. कुणी त्यांना कॅप्टन या बुरशीनाशकात बुडवलं नाही की थंडीत ठेवलं नाही.

मला वाटतं गच्चीवालीताईंचा प्रश्न उन्हाचा असावा. या झाडाला दिवसभर ऊन लागतं. तीन ते सहा पानं असताना आत दांडा तयार होत असतो, तेव्हा उजेड कमी पडला की तो आतल्या आत जिरतो. वरून झाड ठणठणीत दिसतं. ताई, गेल्या वर्षापासून शेजारी नवी इमारत वगैरे आली आहे का?

गच्चीवाली
अगंबाई! आली आहे की. सात मजली. दुपारी दोननंतर अर्धी गच्ची सावलीत.

पुणेरी_टोमणा
पुण्यात झाडाला फूल येत नाही याचं कारण बिल्डर, हे मी न वाचताच सांगितलं असतं.

माण_खटाव
रानताई, परसातले जुने गुलाबी टिकतात हे मान्य. जुन्या जाती दणकट असतात आणि तुमच्याकडची लाल माती पाणी धरून ठेवत नाही. पण हल्ली बाजारात मिळतात त्या मोठ्या फुलांच्या संकरित जाती. त्या पावसाळ्यात कुंडीत राहिल्या तर कुजतात. फ्युजेरियम नावाची बुरशी आहे. पानं टोकाकडून पिवळी पडत येतात, कंद कापला की आत तपकिरी चकंदळं दिसतात. एकदा मातीत शिरली की त्या वाफ्यात पुन्हा ग्लॅडिओ लावायची सोय राहत नाही. आम्ही रान बदलतो, कुंडीवाल्यांनी माती बदलावी.

वर्षा_मिनेसोटा
आमच्याकडे उकरायचं की नाही हा प्रश्नच येत नाही. जमीन गोठते, कंद मेला. म्हणून पहिल्या कडक दहिवरानंतर सगळे काढायचे, माती झटकायची, वाळवायचे, जाळीच्या पिशवीत भरून तळघरात टांगायचे. खूप वर्षं इमानेइतबारे केलं. आता सरळ दर वसंतात नवी पिशवी आणते. माझ्या वेळेची किंमत त्या कंदांपेक्षा जास्त आहे. गच्चीवालीताई, रोपवाटिकावाला अगदीच खोटं बोलला नाही, त्याने तुम्हाला माझं उत्तर दिलं.

कुंडीतलं_रान
वर्षाताई, पण मग ती बाग कसली, तो तर फुलांचा रिचार्ज झाला!

हिरवा_देठ
मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे सवय जात नाही. आपण मराठीत सगळ्यालाच कंद म्हणतो, पण निशिगंध आणि ग्लॅडिओलस यांची जमिनीखालची रचना वेगळी. कांदा उभा कापला तर पापुद्रे सुटतात, ग्लॅडिओलस कापला तर अळकुडीसारखा सलग पांढरा गर. तो फुगलेल्या खोडाचा तुकडा असतो, वरचं पातळ आवरण म्हणजे वाळलेल्या पानांचे तळ. इंग्रजीत याला कॉर्म म्हणतात.

नवा कंद जुन्याच्या डोक्यावर बसतो, मग दर वर्षी तो वर वर सरकून मातीबाहेर यायला हवा ना? येत नाही. नव्या कंदाच्या बुडाला जाड, पांढरी, सुरकुतलेली मुळं फुटतात. ती आकसतात आणि कंदाला खाली ओढून घेतात. यंदा एखादा उकरलात तर ती मुळं जरूर बघा. आणि मुख्य कंदाभोवती वाटाण्याएवढी पिल्लं लागलेली दिसतील, ती टाकू नका.

आगाऊ_पाहुणा
सगळं ठीक, पण मुळात हे फूल आवडतं तरी कोणाला? ना वास, ना देवाला चालत, ना गजऱ्यात. सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांच्या मागे उभं करायचं फूल. मला ग्लॅडिओलस दिसला की आपोआप "आता मी आपला जास्त वेळ घेणार नाही" ऐकू येतं.

रेवा_वाचतेय
आणि त्यानंतरचा पाऊण तास!

दादरचा_फूलवाला
पाहुणे, तुमच्या सेवानिवृत्तीवर आमचं दुकान चालतं. नावं ठेवू नका.

बाजारात याला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही, ग्लॅडिओ. दहा काड्यांची गड्डी. एक काळ असा होता की स्टेज म्हटलं की ग्लॅडिओच. आता लग्नवाले लिलियम, ऑर्किड, जर्बेरा मागतात, डच गुलाब तर आहेच. तरी उंची हवी असली की परत ग्लॅडिओकडेच येतात, तेवढा लांब आणि तेवढा स्वस्त दांडा दुसऱ्या कुठल्या फुलाचा सांगा.

गंमत सांगतो. हे फूल आडवं ठेवून आणता येत नाही. गाडीत रात्रभर आडवं पडलं की शेंड्याची टोकं वर वळतात, उजेड नसला तरी. सकाळी गड्डी सोडली की सगळ्या काड्या वाकड्या. मग गिऱ्हाईक म्हणतं शिळा माल आहे. म्हणून उभ्याच आणायच्या. नवीन ड्रायव्हरला हे पटवायला फार कष्ट पडतात.

हिरवा_देठ
खरं आहे. वाढता शेंडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला वळतो, अंधारातही.

केपकर
आगाऊ पाहुण्यांच्या "ना वास" ला हरकत. मी नोकरीनिमित्त केपटाउनला असतो. या वंशाचं खरं माहेर इथेच. जगभरात याच्या तीनशेच्या आसपास प्रजाती, त्यातल्या निम्म्याहून जास्त आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या. ऑगस्ट-सप्टेंबरात डोंगरात फिरायला गेलं की गवतात एकेकटे उभे असतात, आपल्या बाजारातल्या दांड्याच्या तुलनेत अगदीच नाजूक. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला ओळखूच आला नाही.

एक आहे ग्लॅडिओलस लिलिएशियस. दिवसा कळकट तपकिरी, कुणी ढुंकून बघणार नाही. संध्याकाळ झाली की तेच फूल निळसर जांभळं होत जातं आणि लवंगेसारखा वास सुटतो. रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी हा सगळा थाट. दुसरा ट्रिस्टिस, फिका पिवळा, तोही संध्याकाळनंतर घमघमतो. तिसरा कार्डिनॅलिस, धबधब्याशेजारच्या ओल्या कड्यांवर लोंबतो, लालभडक. त्याच्याकडे एक मोठं तपकिरी फुलपाखरू येतं, ज्याला लाल रंगाचं वेड आहे. आणि अँगस्टस नावाच्या एकाची फुलनळी इतकी लांब की त्याच लांबीची सोंड असलेली माशीच तिथे पोचते.

बागेतल्या संकरात माणसाने मोठं फूल आणि रंग मागितले. वास मागितलाच नाही, तो मागे राहिला.

आगाऊ_पाहुणा
बरं बाबा, माघार. लवंगेच्या वासाचा एखादा सेवानिवृत्तीला चालेल.

रेवा_वाचतेय
केपकर, भारी प्रतिसाद! मग आपल्याकडचे हे मोठ्ठे कुठून आले?

केपकर
युरोपातून, पण माल आफ्रिकेचाच. अठराव्या शतकापासून केपहून कंद जहाजाने जात होते. सुरुवातीचे बहुतेक केपचे, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ते युरोपच्या थंडीत उघड्यावर टिकेनात. मग पूर्वेकडच्या, उन्हाळी पावसाच्या प्रदेशातल्या प्रजाती हाताला लागल्या. त्यांच्या संकरातून बेल्जियममध्ये 'गँडाव्हेन्सिस' तयार झाला आणि १८४१ मध्ये गेंटच्या लुई व्हान हूट यांनी तो विक्रीला काढला. आजच्या मोठ्या फुलांच्या बहुतेक जातींची वंशावळ त्याच्याशी जाऊन भिडते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की झोप ही या झाडाची मूळची रीत आहे. पाऊस संपला की पानं वाळवायची आणि कोरडा काळ जमिनीखाली काढायचा. गच्चीवालीताईंनी कुंडीला बारा महिने पाणी घातलं, त्याला झोपूच दिलं नाही.

गच्चीवाली
म्हणजे आतापर्यंत तीन आरोपी: कात्री, बिल्डर आणि झारी.

डचदेशी_देशपांडे
सेवानिवृत्तीवरून आठवलं. इथे नेदरलँड्समध्ये ग्लॅडिओलस म्हणजे विजयाचं फूल. नायमेखन शहरात दर जुलैत चार दिवसांची पदयात्रा असते, १९०९ पासून चालू आहे. रोज तीस, चाळीस किंवा पन्नास किलोमीटर, ज्याच्या त्याच्या गटाप्रमाणे, आणि चालणारे चाळीस हजारांच्या घरात. शेवटच्या दिवशी शहरात शिरणारा रस्ता त्या दिवसापुरता 'व्हिया ग्लॅडिओला' होतो. दुतर्फा नातेवाईक ग्लॅडिओलसच्या जुड्या घेऊन उभे. पायाला फोड आलेली माणसं ती फुलं छातीशी धरून लंगडत येतात. आपल्या वारीची आठवण येतेच, पण तिथे पायी निघणाऱ्याला अखेरीस विठोबा भेटतो, इथे बिअर.

इथली एक म्हणही आहे, "मरण नाहीतर ग्लॅडिओलस". म्हणजे आर या पार.

पुणेरी_टोमणा
आमच्याकडे 'ग्लॅडिओलस नाहीतर मेथी'.

मॉस्कोरिटर्न
रशियात हे शाळेचं फूल. १ सप्टेंबरला शाळा उघडते तेव्हा पहिलीतली पोरं बाईंसाठी ग्लॅडिओलस घेऊन जातात. दांडा पोरापेक्षा उंच असतो, समोरून पाहिलं तर फुलंच शाळेत चालली आहेत असं वाटतं.

सुलभा_दातार_नव्हे
विषय कंदांचा निघालाच आहे तर विचारते. केशराचंही असंच असतं ना? आमच्या भावाने ऑनलाइन केशराचे कंद मागवले, ठाण्यात बाल्कनीत लावायला. दोन आले आणि कुजले, बाकीचे काही उगवलेच नाहीत.

हिरवा_देठ
हो, केशर म्हणजे क्रोकस, ग्लॅडिओलसच्याच कुळातला, म्हणजे आयरिसच्या. तोही कॉर्मपासूनच वाढतो आणि त्याला दुसरा मार्गच नाही. केशराच्या झाडाला बी धरत नाही, ते नापीक आहे. हजारो वर्षं माणसाने कंद वेगळे करून करून ते जगवलंय. काश्मिरात पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं. एका फुलात तीनच केशरकाड्या, ग्रॅमभर केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. फुलायला शरद ऋतूतला गारवा हवा. जे लोक बंद खोलीत केशर काढतात ते विजेवर काश्मीर उभं करतात. ठाण्याच्या बाल्कनीत ते होणे नाही. भावाला ग्लॅडिओलस लावू द्या.

कुंडीतलं_रान
आणि ठाणेकर असाल तर बाल्कनीतलं केशर कशाला, शेवळं ही रानभाजी काय वाईट? पावसाच्या तोंडाला रानातून येतात, तीही कंदातूनच. पानाच्या आधी फूल.

सुलभा_दातार_नव्हे
अहाहा, शेवळं! काकडं, ती आंबट रानफळं, घातल्याशिवाय मात्र नाही हो, घसा धरतो. आमच्याकडे सोडे घालून.

आगाऊ_पाहुणा
आमच्याकडे खिमा.

रेवा_वाचतेय
आणि शाकाहारी असाल तर वाल. कृती वेगळ्या धाग्यावर द्या ना, प्लीज.

माण_खटाव
लोकहो, परत वावरात या. गच्चीवालीताई, कात्री की बिल्डर की झारी हा वाद घालण्यापेक्षा एक कंद उकरून मोजा. फुलासाठी कंदाचा व्यास साधारण चार-पाच सेंटिमीटर हवा. तेवढा असेल आणि तरी फूल नसेल, तर रानताई जिंकल्या, ऊन कमी पडलं. त्याहून बारका असेल तर मी जिंकलो.

गच्चीवाली
आत्ताच वर जाऊन उकरले. मुलाची कंपासपेटी घेऊन बसले होते. लाल: अडीच सेंटिमीटर. पांढरा: जेमतेम तीन. जांभळ्या काठाचा: दोन आहेत एकमेकांना चिकटून, दोन्ही अडीचच्या आत. देठसर, ती आकसणारी मुळं दिसली! पिल्लंही आहेत, वाटीभर निघाली.

माण_खटाव
जिंकलो.

कुंडीतलं_रान
इतक्यात नाही. सावली असली तरी कंद बारकाच राहील. पानं होती पण ऊन नव्हतं, मग अन्न कुठून येणार?

हिरवा_देठ
दोघांचं मिटवतो. यंदाचे कंद यंदाच्या सावलीत वाढलेत, त्यामुळे त्यांची मापं गेल्या वर्षीची कात्री सिद्ध करत नाहीत. पण माण_खटाव यांच्या बाजूने एक पुरावा आहे. गच्चीवालीताई, तुमच्या सगळ्या कुंड्या सावलीत आहेत का?

गच्चीवाली
नाही. दोन कुंड्या टाकीच्या बाजूला आहेत, तिथे संध्याकाळपर्यंत ऊन असतं. त्यांनाही फूल नाही.

हिरवा_देठ
मग त्या दोन कुंड्यांपुरती तरी सावलीची सुटका झाली. पहिला संशय कात्रीवरच.

कुंडीतलं_रान
मान्य. पण पुढच्या वर्षी सगळ्या कुंड्या टाकीकडे न्या, माझी एवढी अट.

गच्चीवाली
नेते. आता पुढे काय करू ते सांगा. हे अडीचचे फेकू?

माण_खटाव
बिलकुल नाही. एक हंगाम फुलाची अपेक्षा न ठेवता पोसायचे. दांडा दिसलाच तर बारका असताना मोडून टाका, ताकद खाली जाईल. पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा, मग उकरा. सावलीत वाळवा, जुनी सुकलेली चकती बोटाने दाबून वेगळी करा, ती सहज निघते. नरम, डागाळलेले बाजूला काढा. बाकीचे कॅप्टनच्या द्रावणात, लिटरला दोन ग्रॅम, अर्धा तास बुडवून परत वाळवा. हातमोजे घालून, आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका.

मग जाळीच्या पिशवीत. आम्ही शीतगृहात ठेवतो, चार-पाच अंशांवर. कारण ताजा उकरलेला कंद लावला तरी दोन-तीन महिने हलत नाही, झोपेत असतो. थंडीत ठेवला की झोप मोडते आणि लावल्यावर सगळे एकदम उगवतात. शिवाय आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत बाहेर ठेवले तर एकतर बुरशी, नाहीतर नको त्या वेळी कोंब. घरी फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात चालतील, प्लास्टिकची पिशवी बंद करून नको, कागदी पिशवीला भोकं पाडून.

पिल्लांना फूल यायला दोन-तीन हंगाम लागतात. त्यांची साल कडक असते, लावण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा.

पुणेरी_टोमणा
फ्रीजमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे एकदा डेलियाचे कंद रताळी समजून उपासाच्या तयारीला लागले होते.

वर्षा_मिनेसोटा
एवढं सगळं वाचून मी माझ्या रिचार्जवर ठाम आहे. पण एक भर घालते. फुलदाणीतल्या ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांच्या कडा करपत असतील तर पाणी तपासा, हे फूल फ्लोराइडला फार नाजूक. आमच्याकडे नळाच्या पाण्यात दातांसाठी फ्लोराइड मिसळतात, म्हणून मी शुद्ध केलेलं पाणी वापरते.

हिरवा_देठ
आपल्याकडे नळाच्या पाण्यात मिसळत नाहीत, पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात नैसर्गिकच जास्त असतं. तिकडच्यांनी लक्षात ठेवावं.

दादरचा_फूलवाला
फुलदाणीत जास्त दिवस टिकवायचं तर खालच्या एक-दोन कळ्यांनी नुसता रंग दाखवला की कापा. बाकीच्या घरी उमलतात. सगळी फुललेली काडी स्टेजवर चांगली, घरी नाही. पाण्यात थोडी साखर घाला आणि पाणी रोज बदला, नाहीतर साखरेने ते सडतं. खालचं फूल कोमेजलं की खुडून टाका.

रेवा_वाचतेय
माण_खटाव, जात कुठली लावायची? आणि ऑक्टोबरपर्यंत थांबायलाच हवं का, जूनमध्ये नाही चालणार?

माण_खटाव
आपल्याकडच्या हवेत पुण्याच्या गणेशखिंड केंद्राच्या जाती बघा. राहुरी कृषी विद्यापीठाचंच संशोधन केंद्र आहे ते. फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस, फुले नीलरेखा. जुन्या परदेशी जातींत व्हाइट प्रॉस्पेरिटी आणि अमेरिकन ब्यूटी अजून चालतात. खरेदी करताना रंगाच्या फोटोवर जाऊ नका. कंद हातात घ्या, दाबून बघा, टणक हवा. नुसता रुंद आणि चपटा घेऊ नका, त्यापेक्षा उंच, गोलसर घ्या. तो तरुण असतो.

जूनमध्ये लावता येतो, पण निचरा पक्का हवा. लावताना कंद पाच-सात सेंटिमीटर खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. पावसाच्या वाऱ्यात दांडा आडवा होतो, त्यामुळे सहा पानांवर आला की बुडाला मातीची भर द्या आणि काठी लावा. सगळे एकाच दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडे थोडे लावले तर फुलं पुरवून पुरवून मिळतात, नाहीतर सगळी एकाच आठवड्यात येऊन संपतात. आणि पानांवर चंदेरी ओरखडे दिसले की समजा फुलकिडे आलेत, तेव्हा उशीर करू नका. नंतर कळीच उघडत नाही.

गच्चीवाली
सगळं वहीत उतरवलं. पिल्लं वाटीभर आहेत, मला एवढी नकोत. कोथरूडच्या आसपास कुणाला हवी असतील तर निरोप करा. रंगाची खात्री नाही, सगळी एकत्र झाली आहेत.

रेवा_वाचतेय
मला! मी कर्वेनगर. बदल्यात लिलीचे कांदे देईन.

दादरचा_फूलवाला
माण_खटाव, लग्नसराईत पांढरा ग्लॅडिओ असेल तर कळवा. लांब काडी, उभी पॅकिंग.

माण_खटाव
व्हाइट प्रॉस्पेरिटी आहे पाऊण एकर. आधी दर बोला, मग काडीची लांबी बोलू.